भुलाबाईच्या आधीचा घास

पाऊस उघडला की कुणाचे सांधे दुखतात, कुणाला पडसं होतं. माझा मत्सर उठतो. भाद्रपदाची पौर्णिमा झाली की पुढे महिनाभर अकोल्याच्या गल्ल्यांतून संध्याकाळी मुलींचे घोळके फिरू लागतात. हातात टिपऱ्या, काखेत झाकणाचे डबे. एकीच्या घरची गाणी आटोपली की दुसरीच्या घरी. मी शाळेच्या वह्या तपासत बसलेली असते. गाणं कानावर आलं की चुकलेलं गणितही मला बरोबर दिसायला लागतं. मी मास्तरीणबाई आहे, रविवारी चर्चमध्ये मंडळीतल्या मुलींना शास्त्रपाठ शिकवते, लोक मला शांत बाई म्हणून ओळखतात. आणि दहा वर्षांच्या परकरी पोरींवर मी जळते.

ज्यांच्याकडे भुलाबाई नसते त्यांच्यासाठी सांगते. भुलाबाई म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती. ती मातीची, शेजारी मातीचाच भुलोबा. महिनाभर ती मुलींच्या घरी पाहुणी असते. मुली तिच्यापुढे सासरच्या उखाळ्यापाखाळ्यांची गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत वाटतात. पण वाटायच्या आधी ती ओळखावी लागते. घरधनीण पोरगी झाकलेला डबा कानाशी खुळखुळवते, बाकीच्या ओरडतात, गोड का तिखट, ओली का कोरडी, फुटाणे का मुरमुरे. आमच्या वऱ्हाडात हे घरोघरी असतं. 'आमच्या' म्हटलं खरं, पण ती माझी कधीच नव्हती. मी ख्रिस्ती पाळकाची मुलगी.

आमचं घर अमरावतीला, गावाच्या कडेला, मिशनच्या आवारात. आवाराला मेंदीचं कुंपण आणि कुंपणापलीकडे कौतिकाच्या बापाची भाजीपाल्याची वाडी. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि विहिरीच्या कडेने झेंडू आणि शेवंती. आश्विनात तिकडून वारा आला की झेंडूचा तो कडसर वास आमच्या प्रार्थनेच्या खोलीत शिरायचा. मोटेचं पाणी पाटात पडल्याचा आवाज यायचा. पलीकडच्या शेतांत कपाशीची पहिली बोंडं उकलायला लागलेली असायची. दिवसा ऊन असं की डोक्यावर पदर घ्यावा, आणि संध्याकाळी एकदम हात-पाय गार. अजूनही कुणी झेंडू चुरगळला की मला तेरावं वर्ष लागतं.

कौतिका माझ्याच वयाची. कुंपणाला एके ठिकाणी भोक होतं, तेवढंच आमचं दार. घरात आम्ही शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, मराठी बोलायचो, कारण बाबांना तसं आवडायचं. कुंपणापाशी मी वऱ्हाडी व्हायची. कौतिकाला लिहिता येत नव्हतं, पण कोणत्या रोपाला आज पाणी नको हे तिला पान बघून कळायचं. तिला ज्वारीच्या ताटाची पिपाणी करता यायची. तिला माझ्याहून सगळंच जास्त यायचं, आणि ती ते सगळं मला द्यायला निघालेली असायची. तिचं लग्न ठरलं होतं. अकोल्याची सोयरीक, दिवाळीनंतर मांडव पडणार होता. म्हणजे ती भुलाबाई तिची माहेरची शेवटची.

बाबांनी मैत्री कधी मोडायला सांगितली नाही. ते भले होते, फक्त फार ठाम होते. "तिच्याशी प्रेमाने वाग," ते म्हणायचे, "पण अंतःकरणाने वेगळी राहा. तुझ्या वागण्यातून तिला प्रभू दिसला पाहिजे." त्याच महिन्यात त्यांनी विजोड जुवावर उपदेश केला. विश्वासणाऱ्याने अविश्वासणाऱ्याशी एका जुवाखाली जडू नये. बैलाशेजारी रेडा जुंपला तर नांगर वाकडाच जाणार. मंडळीतले शेतकरी माना डोलवत होते. मी घरी येऊन म्हटलं, "बाबा, कौतिकाच्या मोटेवर एक ढवळा उंच बैल आहे आणि एक काळा बुटका. पाणी तर नीट येतं." बाबा म्हणाले, "ते दोन्ही बैलच आहेत."

भुलाबाईला जायची मात्र सक्त मनाई. मूर्तीपुढे म्हटलेलं गाणं नको, मूर्तीला दाखवलेला घास नको. मी आईकडे गेले. आई लग्नाआधी दर्यापूरकडच्या एका हिंदू घरातली होती, बाप्तिस्मा घेतल्यावर तिचं माहेर तुटलं होतं. तीही "नाही" म्हणाली आणि जात्याकडे तोंड करून बसली. कुंपणापलीकडून गाणं येत होतं. आईचे ओठ त्या गाण्याबरोबर हलत होते. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

म्हणून मी कुंपणाशी उभी राहून ऐकायची. मेंदीच्या फटीतून मला भुलाबाई दिसायची, कोनाड्यात बसलेली, कपाळाला मोठ्ठं कुंकू. सारखी हसतमुख, काही न करता. मला तिचा राग यायचा. मातीच्या बाईचा राग! ती कौतिकाची पाहुणी होती, तिच्यापुढे कौतिका गात होती, तिच्यासाठी कौतिका डबा भरत होती. दहा आज्ञा पाठ करताना देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो तिथे मी दरवेळी थबकायची आणि मला बरं वाटायचं. देवालाच जर दुसऱ्या कुणापुढे वाकलेलं खपत नाही, तर माझं काय चुकलं? बाकी कुठल्या सद्गुणात माझा देवाशी मेळ बसत नव्हता, या एकात बसायचा.

कौतिकाने माझं हे उभं राहणं पाहिलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारीच ती भोकापाशी आली. ओच्यात काहीतरी झाकलेलं.

"घे," ती म्हणाली. "आजची खिरापत. तिळाच्या वड्या."

"मले चालत नाई," मी म्हटलं. "भुलाबाईले दाखवलेलं मी खाल्लं तं बाबा रागावतीन."

"दाखवलंच नाई अजून. तुह्यासाठी पयलेच काढलं. आता उरलेलं तिले दाखवीन संध्याकाई."

मी वडी तोंडात टाकली. गूळ नुकता गार होत होता. ती काय करते आहे हे मला कळत होतं, तेवढी मी तिच्या घरात वावरलेली होते. तिची माय नैवेद्याच्या आमटीचं मीठसुद्धा चाखून बघायची नाही. देवाआधी माणसाने घास काढला की उरलेलं सगळं उष्टं, ही त्यांची रीत. मला माझ्या देवापुढे पाप लागू नये म्हणून ती तिच्या देवीपुढे रोज एक पाप करत होती. रोज दुपारी, जवळजवळ महिनाभर. भाजलेले शेंगदाणे, खोबऱ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. आणि मी? मी कृतज्ञ वगैरे काही नव्हते. कोनाड्यातल्या त्या हसऱ्या बाईच्या आधी माझा नंबर लागत होता, याचाच मला माज चढला होता.

मग वच्छी आली. वच्छी गल्लीतल्या कास्तकाराची पोर, घरी कपाशीचं मोठं वावर, आवाज खणखणीत. गाणी तीच धरायची आणि खिरापतही तीच ओळखायची. डबा नुसता हलवला की म्हणायची, "दाळ्या आन् साखर." कौतिकाचं लग्न जवळ आलं तसं वच्छी तिला सोडेना. दोघी हातात हात घालून घरोघरी जायच्या. मी कुंपणाशी असले तरी कौतिका मला हात करायची, पण दुसरा हात वच्छीच्या हातात असायचा. त्या दुसऱ्या हाताने माझी झोप उडवली. कौतिकाने माझ्यासाठी जे केलं ते तिने वच्छीसाठी कधीच केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण वच्छीला माहीत नव्हतं, आणि तेच मला सोसत नव्हतं.

कोजागरीला चार दिवस राहिले होते. मी गल्लीतल्या विहिरीवर घागर घेऊन गेले, आमच्या आवारातली विहीर त्या वर्षी गढूळ होती. वच्छी तिथे पाय धूत बसली होती. मी तिच्या गाण्याची चाल गुणगुणत होते, नकळत. ती हसली.

"तुले काय कयते वं भुलाबाईतलं, किरिस्तावनी? तुले तं खिरापतबी नाई भेटत."

एवढंच बोलली ती, आणि तेही दुष्टपणाने नव्हे, वयातल्या पोरी बोलतात तसं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मले तुमच्या भुलाबाईच्या आधी भेटते," मी म्हटलं. "कौतिका रोज मले पयले काढून देते, मंग तुमच्या देवीले दाखवते. तुमी साऱ्या जणी माह्यं उष्टं खाऊन राहिल्या."

वच्छीचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. तिने पाय पुसलेसुद्धा नाहीत, तशीच उठून गेली. मला वाटलं, मी जिंकले.

वच्छीच्या तोंडात तीळ भिजणं शक्यच नव्हतं, आणि अशी गोष्ट तिने पोटात ठेवावी तरी का? संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. कौतिकाच्या घरी कुणी पोर पाठवेना. तिच्या मायने तिला मारलं नाही, ती नुसती कोनाड्यापुढे बसून राहिली. ज्या मुलीचं लग्न तोंडावर आलं आहे तिने देवीचा घास उष्टावला, आता हिच्या संसाराचं काय, ही तिची भीती. दुसऱ्या दिवशी कौतिका कुंपणाशी आली. डोळे सुजलेले.

"वच्छी म्हणते, तू सांगतलं. तू सांगतलं का वं, करुने?"

मी मान हलवली. नाही.

"मले मालूमच व्हतं," ती म्हणाली. "तू काहून सांगशीन? तिनंच चोरून पायलं आसन. वरून तुह्यं नाव घेते." आणि तिथेच, फटीतून हात घालून तिने माझं मनगट धरलं. ज्या हाताचा मला हेवा वाटायचा तो अख्खा हात आता माझा होता. मला बरं वाटलं, हे लिहायला नको वाटतं, पण बरं वाटलं.

कौतिकाचा बाप बाबांना भेटायला आला. पागोटं काढून हातात घेऊन तो ओसरीखाली उभा राहिला. "तुमच्या पोरीनं खाल्लं त्याचं नाई काही, साहेब," तो म्हणाला. "आमच्या पोरीनं देल्लं. पण ती आता एकटी पडली. तुमची पोर दोन दिवस तिच्यापाशी बसली तं बरं होईन." बाबा म्हणाले, बघू. आणि मला आत बोलावून विचारलं, "मूर्तीला दाखवलेलं तू काही खाल्लंस?" मी म्हटलं, "नाही, बाबा. एकदाही नाही." ते खरं होतं.

रविवारी बाबांनी उपासनेत माझं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. परधर्मीय मैत्रीण असूनही एका लहान मुलीने आपला विश्वास कसा निर्मळ ठेवला, जगात राहावं पण जगाचं होऊ नये ते असं. बायकांच्या बाकावर आई माझ्या शेजारी होती. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. मी गीताचं पुस्तक उघडून धरलं आणि पान उलटं आहे की सुलटं हे मला दिसत नव्हतं.

त्याच दिवशी कोजागरी होती. सूर्य मावळताना कौतिकाच्या अंगणात ज्वारीच्या पाच धांड्यांची खोपडी उभी केली, तिच्याखाली भुलाबाई ठेवली. दरवर्षी त्या अंगणात वीस-पंचवीस पोरी मावत नसत. त्या दिवशी दोघीच होत्या, कौतिका आणि तिची माय. माय टिपरी धरायला विसरली होती, ती टाळ्या वाजवत होती. दोघींचे आवाज एकमेकींत मिसळत नव्हते. तिसरा आवाज हवा होता. मला ते गाणं येत होतं, महिनाभर ऐकून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत येत होतं. मी कुंपणाच्या भोकाशी उभी होते. सकाळी मंडळीने मला निर्मळ म्हटलं होतं. कौतिकाने माझ्याकडे बघितलं, दोनदा. मी गायले नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आता मला कुणी विचारायला आलं, आणि मंडळीतल्या आया येतातच, की मुलीची हिंदू मैत्रीण आहे, किती जवळ जाऊ द्यावं, तर मी बाबांचंच सांगते. लग्नाचं जू वेगळं, मूर्तीपुढचा घास वेगळा, आपला विश्वास आपण सांभाळावा. ते मला आजही पटतं. पण बाबांनी मला तिच्यापासून किती अंतर ठेवायचं ते शिकवलं, तिच्या प्रेमाचं काय करायचं ते नाही. तिला माझ्यातून प्रभू दिसावा यासाठी मी इतकी जपून उभी होते, की तिच्यात मला काय दिसतंय याकडे बघितलंच नाही. तिने माझ्यासाठी तिच्या देवीची रीत मोडली. मी तिच्यासाठी एक गाणंसुद्धा म्हटलं नाही. वच्छीचा हेवा तर केव्हाच विझला असं मी समजत होते, मागे उरला तो हा. असं प्रेम करता येणाऱ्या बाईचा हेवा. तो मला भोगावा लागतो, दर आश्विनात.

कौतिका दिवाळीनंतर अकोल्याला सासरी आली. मी ट्रेनिंग करून पुढे कितीतरी वर्षांनी इथल्या शाळेत लागले. दोन वर्षांपूर्वी मोर्णा नदीच्या पुलापाशी फुलं घेऊन बसलेली एक बाई मला बघून ओरडली, "काय वं करुने, वयखलं नाई का?" तेव्हापासून दर शनिवारी ती माझ्याकडे येते. रविवारच्या उपासनेची फुलं ती देते, पैसे घेत नाही. मंडळीतल्या एका बाईंनी विचारलं, "ह्याच परडीतली फुलं देवळातही जातात ना?" मी म्हटलं, "आणि भाजी तुम्ही कुणाच्या वाडीतली खाता?" त्यांना उत्तर द्यायला माझं तोंड चुरूचुरू चालतं. कौतिकाला जे सांगायचं होतं, ते दोन वर्षांत शंभर शनिवार गेले तरी निघालं नव्हतं.

गेल्या शनिवारी ती ओट्यावर बसून झेंडू निवडत होती. बोलता बोलता म्हणाली, वच्छीचा निरोप आला आहे. इतक्या वर्षांनी तिला मूल झालं, बारशाला एकदा तरी ये म्हणते.

"जाशील?" मी विचारलं.

"मी नाई जात. खोटाड्या बाईच्या घरचं पानीबी नाई पेत मी. पंधरा वर्सं झाले, तोंड नाई पायलं तिचं." तिने एक किडकं फूल बाजूला टाकलं. "तू तेवढी खरी निघाली."

सांगते खरं ते. आधी मला आनंदच झाला. पंधरा वर्षं वच्छी बाहेर होती आणि मी आत. तो आनंद घोटभर पाणी गिळावं तसा आत गेला, आणि मग मला माझीच शिसारी आली.

"कौतिका," मी म्हटलं, "वच्छी खरं बोलली होती. मीच सांगितलं होतं. विहिरीवर."

तिचा हात फुलात थांबला.

"काहून?"

"जळत होते मी तिच्यावर. तू तिचा हात धरून जायचीस."

कौतिका रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते. ती रागावली नाही. ती हळूच म्हणाली, "देवीच्या ताटातलं तुह्यासाठी काढलं मी. थेबी तुले पुरलं नाई?"

पंधरा वर्षं जिला ती खोटाडी म्हणत होती ती खरी होती, आणि जिच्यासाठी तिने माहेरची शेवटची भुलाबाई घालवली ती मीच खोटी. तिने सगळा हिशेब माझ्या तोंडाकडे बघून लावला. मग उरलेली फुलं निवडून संपवली, उपासनेचा वाटा नेहमीसारखा केळीच्या पानावर काढून ठेवला आणि उठली.

"उद्या सकाईच्या गाडीनं अमरावतीले जाईन," ती म्हणाली. "वच्छीकडं."

मला दिसल्या त्या दोघी. बाळंतिणीच्या खोलीत धुरीच्या वासात बसलेल्या, मूल या मांडीवरून त्या मांडीवर, आधी रडतील, मग हसतील, मग माझं नाव घेतील. आणि हात, एकीच्या हातात दुसरीचा. पुन्हा तेच जुनं जळणं उठलं, तेरा वर्षांच्या पोरीचं, जसंच्या तसं. बारशाआधी एकदा माझ्याकडे ये, असं म्हणायला मी तोंड उघडलंही.

मी ते मिटलं. परडीवरचं ओलं फडकं नीट केलं, खाली वाकले आणि परडी तिच्या डोक्यावर उचलून दिली. जड होती. ती नको म्हणाली नाही.